उकिडवं बसण्याचा खेळ

गुडघेदुखीच्या पेशंटांना जगभर दिली जाणारी एक प्रश्नावली आहे, तिचं नाव 'कूस'. स्वीडनच्या ईवा रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1998 साली प्रसिद्ध केली. प्रश्न 42, विभाग पाच. त्यातल्या एका विभागाचं नाव 'खेळ आणि करमणूक'. पळताना त्रास होतो का, उडी मारताना होतो का, झटकन वळताना होतो का, असं त्यात विचारतात. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिल्या नंबरावर, उकिडवं बसताना त्रास होतो का?

म्हणजे आमच्या इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या काकू गेली साठ वर्षं खेळाडू आहेत आणि ही गोष्ट त्यांना कुणी कळवलीच नाही. सकाळी अंगण झाडायचं ते उकिडवं बसून, रांगोळी काढायची ती तशीच, मोरीत कपडे घासायचे ते तसेच, दारात भाजीवाला आला की त्याच्या पाटीसमोर बसून मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करायच्या त्याही तशाच. शिवाय घरातला जुना संडास. एवढा सराव मध्य प्रदेश सरकारचा विक्रम पुरस्कार मिळालेल्यांनी तरी केला असेल का, शंकाच आहे.

स्वीडनला हसण्यात अर्थ नाही. तिथल्या माणसाला उकिडवं बसायची वेळ व्यायामशाळेतच येत असेल तर त्याच्यासाठी तो खेळच. प्रश्न तिथे बरोबर आहे. तो विमानातून उतरतो, हिंदीत किंवा मराठीत कपडे बदलतो आणि अन्नपूर्णा रोडवरच्या एखाद्या शिबिरात टॅबलेटवर उगवतो, तेव्हा त्याचं काय होतं, हा आजचा विषय.

गुडघ्यांची आणखी एक नामांकित प्रश्नावली आहे, 'वोमॅक'. ही कॅनडाची. निकोलस बेलामी यांनी 1980च्या दशकात तयार केली. प्रश्न 24: पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. या सतरांत मोज्यांना दोन प्रश्न आहेत. एक, मोजे घालताना त्रास होतो का. दोन, मोजे काढताना त्रास होतो का. बाथटबमध्ये शिरण्या-निघण्याला एक. गाडीत बसण्या-उतरण्याला एक. मांडी घालण्याला शून्य. इंदूरात काकू मोजे घालतात ते डिसेंबर-जानेवारीत, तेही अंगठ्याचा कप्पा वेगळा असलेले, चपलेत जावेत म्हणून. मांडी मात्र बारमाही.

सांधेवातासाठी स्टॅनफर्डची 'हॅक' आहे, जेम्स फ्राइज यांची, 1980 सालची. वीस प्रश्न. मांस कापता येतं का? दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का? टबात अंघोळ करता येते का? व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, अंगणातली बागकामं जमतात का? आता हे घेऊन देशस्थाच्या घरात जा. मांस? 'आम्ही खात नाही.' दुधाचा डबा? दूध सांचीच्या थैलीत येतं, कोपरा कात्रीने कापतात, कात्री सापडली नाही तर दाताने. टब? टबात कढीलिंब लावलाय. फॉर्म भरून घेणारा मुलगा बिचारा घाईत असतो, त्याला पुढचे चाळीस पेशंट उरकायचे असतात. जिथे काकू 'आमच्याकडे नाही' म्हणाल्या तिथे त्याने 'काही त्रास नाही' वर बोट ठेवलं. न खाल्लेल्या मांसाने आणि नसलेल्या टबाने काकूंचे सांधे कागदावर एकदम तरुण झाले.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर मी नेलं असतं. पण गुडघा बदलण्याचं ऑपरेशन घ्या. ऑपरेशनआधी फॉर्म, सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म, आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ऑपरेशनचं यश. जिना चढता येतो? येतो. सपाट रस्त्यावर चालता येतं? लालबागेपर्यंत. गाडीत बसता येतं? आता कुणी ओढावं लागत नाही. दुखणं? जवळजवळ नाहीच. आकडा झकास, सर्जन खूश, मुलगा खूश, विमा कंपनीही खूश. काकू मात्र सत्यनारायणाला खुर्चीवर. पाटावर यजमानांशेजारी धाकटी जाऊ, आणि काकू मागे प्लास्टिकच्या खुर्चीत, पाहुण्यांसारख्या. हळदीकुंकवाला सतरंजीवर सगळ्या, काकू वर. मुंजीत मातृभोजनाला नातवाच्या पंगतीत सगळ्या आज्या खाली आणि या टेबलाशी, सोबतीला मधुमेहवाले दोन काका. खाली बसायचं नाही, ही डॉक्टरांची सूचना त्या तंतोतंत पाळतात. त्यांना हे सगळं डाचतं की नाही, हे कोणत्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नाही, त्यामुळे सरकारी भाषेत सांगायचं तर तशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही.

उलटही घडतं. 'खाली बसता येणार नाही' एवढ्या एका वाक्यावर ऑपरेशन दहा वर्षं पुढे ढकलून लंगडणाऱ्या बायका मला अन्नपूर्णा मंदिराच्या पायऱ्यांवर रोज दिसतात. त्यांचा हिशोब वेडगळ नाही. त्यांच्या घरातलं मानाचं स्थान जमिनीवर आहे.

ही गोम पुण्याच्या लोकांनी ओळखली, हे इंदूरकर असूनही कबूल करायला हवं. सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेस ही पुण्याची संस्था; डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. दवाखान्यात आलेल्याला विचारणं वेगळं आणि शेतातून आलेल्या माणसाला त्याच्याच ओसरीवर विचारणं वेगळं. या मंडळींनी वोमॅक आणि हॅक दोन्ही आपल्याकडच्या बसण्या-उठण्याला बसतील अशा करून घेतल्या. उकिडवं बसणं, मांडी घालणं यांना खेळाच्या मैदानातून काढून घरात आणलं. आज संशोधनाच्या निबंधांत 'सीआरडी पुणे व्हर्जन' असा उल्लेख येतो. पुण्याने दुसऱ्याला नियम सांगण्याऐवजी दुसऱ्याचा नियम स्वतःपुरता दुरुस्त केला, असं हे दुर्मीळ उदाहरण असल्यामुळे मी ते इथे मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

आता इंदूरचा घोळ. पुण्याची प्रश्नावली मराठीत. दिल्लीच्या एम्सने जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची प्रश्नावली 1998 मध्ये हिंदीत आणली. आम्ही कुठे? आम्ही घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि डॉक्टरांपुढे बसलो की तिसरंच काहीतरी. काकू पोटाची तक्रार डॉक्टरांना हिंदीत सांगतात, तीच घरी येऊन मराठीत सांगतात, आणि दोन तक्रारी एकाच पोटाच्या आहेत यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हिंदीतली तक्रार आटोपशीर असते, मराठीतली नणंदेपर्यंत जाते. शिबिरातल्या मुलाकडे टॅबलेटवर भाषा निवडायची सोय असते. त्याने आडनाव बघून 'मराठी' दाबलं तर विदर्भातल्या कुणीतरी केलेलं भाषांतर निघतं, 'हिंदी' दाबलं तर आकाशवाणी. काकू चष्मा काढून म्हणतात, 'बाळा, तूच विचार तोंडी.' आणि तोंडी विचारायला लागला की फॉर्म संपला. मग त्याचा मूड, त्याची घाई, त्याचा आवाज, सगळं उत्तरात उतरतं.

मिठाचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेची 'स्टेप्स' नावाची पाहणी आहे. तिच्यात विचारतात: जेवायला बसताना किंवा जेवताना वरून मीठ किंवा सोया सॉससारखा खारट सॉस किती वेळा घेता? काका छाती काढून सांगतात, 'कधीच नाही.' खरं आहे. काकांच्या ताटात मिठाची वाटी नसते, सोया सॉसशी त्यांचं काही देणंघेणं नाही. सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव आणि जीरावन असतं, एवढंच. दुपारी वरणावर शेव. संध्याकाळी काही नाही, नुसती शेव. इंदूरात शेव हा पदार्थ नाही, ते इथलं हवामान आहे, आणि हवामानाबद्दल कुणी 'किती वेळा घेता' असं विचारलं तर माणूस काय सांगणार? चांगल्या पाहणीत यासाठी चित्रांचे तक्ते वापरतात, स्थानिक पदार्थ घालतात. शिबिरात तक्ता नसतो. तिथे ताकाचा पेला असतो, मीठ घातलेला.

मधुमेहाचा धोका ओळखायला फिनलंडने 2003 मध्ये एक छोटी प्रश्नावली काढली. तीत एक प्रश्न: भाज्या, फळं किंवा बेरी रोज खाता का? त्यांच्याकडे जंगलात बेरी, आमच्याकडे संक्रांतीला बोरं, तीही बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावरून गडगडलेली. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने 2005 मध्ये भारतीयांसाठी जी प्रश्नावली केली तीत चारच गोष्टी ठेवल्या: वय, कंबर, शारीरिक हालचाल, आई-वडिलांचा मधुमेह. खाण्याचा प्रश्नच नाही. खाण्याबद्दल माणूस कधी खरं बोलत नाही हे चेन्नईला ठाऊक असावं, असा माझा आपला अंदाज. कंबर खोटं बोलत नाही. तिला फक्त टेप लावताना श्वास धरता येतो.

आणि इंदूरकर तर फॉर्मच्या बाबतीत विशेष तयारीचे. आमचं शहर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. कचरागाडी रोज सकाळी नंबर एकचं गाणं वाजवत दारात येते. त्या सर्वेक्षणात नागरिकांचा अभिप्राय हाही एक भाग असतो, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही कळतं. फोन आला की 'हां जी, हां जी, एकदम बढ़िया'. शहराच्या इज्जतीचा सवाल. एकदा ही सवय हाडात मुरली की मग कुणीही काहीही विचारो, झोप कशी आहे, गुडघा कसा आहे, सून कशी आहे, सगळं बढ़ियाच. आता इंदूरचा सरासरी आकडा कोल्हापूरच्या शेजारी ठेवून कुणी म्हणालं की इंदूरकर जास्त सुखी आहेत, तर मी विचारीन, कोल्हापूरच्या माणसाला कुणी काय विचारलं तर तो आधी तीन वाक्यांत तक्रार सांगून मग 'बाकी बरंय' म्हणतो, हे धरलंय का हिशोबात? घरात मोरी कशी आहे, प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तर कोण देतंय, हे पाहिल्याशिवाय दोन गावांचे आकडे शेजारी मांडणारा माणूस बेरीज बरोबर करतो आणि तरीही चुकतो. संशोधक हे जाणतात, त्यासाठी त्यांच्याकडे संख्याशास्त्राच्या कसोट्याही आहेत. बातमी छापणारे आणि आरोग्याची पॅकेजं विकणारे जाणत नाहीत, किंवा जाणून घेत नाहीत.

मनाच्या प्रश्नावल्यांकडे येऊ. तिथे तर विचारूच नका. पण तिथे विचारतातच.

'पीएचक्यू-9' ही आज जगात सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी 2001 मध्ये मांडली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण 27, दहा किंवा त्याहून वर गेलात तर डॉक्टरांनी नीट बघावं. तिला पैसा फायझर कंपनीचा. त्याच काळात फायझर नैराश्यावरचं एक जोरात खपणारं औषधही विकत होती, हा योगायोग मी नुसता सांगून सोडतो. प्रश्नावली मात्र सगळ्यांना फुकट. याउलट विसरभोळेपणा तपासायची फोल्स्टीन यांची 1975 सालची चाचणी वर्षानुवर्षं कुणीही झेरॉक्स काढून वापरायचं, 2001 मध्ये तिचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि तिला पैसे पडू लागले. थोडक्यात, दुःख मोजायचं तर फुकट, विसरणं मोजायचं तर परवाना.

पीएचक्यूच्या मराठीसह अकरा भारतीय भाषांतल्या आवृत्त्या तपासल्याचा निबंध मुंबईहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये 2007 साली आला. आणि आता तर तिचे पहिले दोन प्रश्न सरकारी झालेत. तिशीवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी तक्ता आशा कार्यकर्ती दारोदार भरते, त्यात तंबाखू, दारू, कंबर यांच्यासोबत हे दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का? उदास, निराश वाटलं का?

हेतूबद्दल वाद नाही, चांगलाच आहे. दृश्य मात्र असं: दुपारचे बारा. ओट्यावर सासूबाई गहू निवडतायत. उंबऱ्यात सून, हाताला कणीक. पायरीवर आशा, मांडीवर रजिस्टर, अजून अकरा घरं बाकी. 'काम करने में आनंद कम लगता है क्या, दीदी?' सून एकदा सासूबाईंकडे बघते. सासूबाई गव्हातला खडा शोधण्यात गढलेल्या असतात, इतक्या गढलेल्या की हात थांबलेत. 'नहीं नहीं, सब बढ़िया.' शून्य. पुढचा प्रश्न. शून्य. आशा पुढच्या घरी. तिला दोष कसला द्यायचा? तिला स्वतःला कुणी हे दोन प्रश्न विचारले आणि मानधनाची तारीखही विचारली, तर कदाचित तिचा आकडा सगळ्या गल्लीत जास्त निघेल.

दोन आठवड्यांचा हिशोब मात्र आम्हाला जमतो, पंधरवडा आमचा घरचा. पण पर्याय काय? 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज'. काकू मोजतात: एकादशीला झोप नव्हती, पण ती उपासामुळे, चतुर्थीला चंद्रोदय उशिरा, म्हणून जेवण उशिरा, म्हणून झोप उशिरा, शनिवारी नातू रात्री सराफ्यात खायला घेऊन गेला, बाराला परत आलो, ते धरायचं का? मुलगा म्हणतो, 'आंटीजी, 'काही दिवस' लिहू?' लिही बाबा.

गोव्यात या बाबतीत एक फार शहाणपणाचं काम झालंय. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या लोकांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या पेशंटांवर पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पीएचक्यू त्यात होती, इंग्लंडच्या डेव्हिड गोल्डबर्ग यांची 'जीएचक्यू' होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेची 'एसआरक्यू'ही होती. ही शेवटची कोलंबिया, सुदान, फिलिपाइन्स आणि भारत अशा देशांतल्या कामातून आलेली, वीस प्रश्नांची, उत्तर नुसतं हो किंवा नाही. डोकं वारंवार दुखतं का, पचन बिघडलंय का, पोटात कसंतरी होतं का, असेही प्रश्न तिच्यात. म्हणजे आपल्याकडचा माणूस मनाचं दुखणं घेऊन आला की पहिली पंधरा मिनिटं ज्या गॅसबद्दल बोलतो, त्या गॅसला तिने जागा दिलेली. पाचही प्रश्नावल्या बऱ्यापैकी कामाच्या ठरल्या, पुढे राहिल्या त्या जीएचक्यू आणि एसआरक्यू. आणि पाचांच्याही जाळ्यात आजार नसलेले पुष्कळ अडकले. म्हणजे फॉर्मने बोट दाखवलं की पुढे माणसाने माणसाशी बोलायलाच हवं, तिथे सुटका नाही.

पीएचक्यूचा नववा प्रश्न तर हसण्याचा नाहीच. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा तो. आमच्या घरांत पंचाहत्तरी उलटलेली आजी दिवसातून दोनदा म्हणते, 'आता त्याने न्यावं बाई.' चहा पिता पिता म्हणते, मालिका बघता बघता म्हणते, आणि मग विचारते की उद्या भाजी कोणती. हे म्हणणं वयाला शोभतं अशी रीतच आहे. ऐंशीव्या वर्षी 'मला अजून पुष्कळ जगायचंय' म्हणणाऱ्या आजीकडे लोक जरा वळून बघतात. फॉर्मप्रमाणे आजी 'जवळजवळ रोज'. तीन गुण. तो मुलगा दचकतो, किंवा दचकायचं शिकवलेलं नसेल तर तीन लिहून पुढच्या पेशंटकडे वळतो.

पण म्हणून हा प्रश्न आपल्याकडे गैरलागू, असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. कारण त्याच रीतीच्या आडून कुणी आजी ते खरंच म्हणत असते, आणि 'म्हातारी रोजच म्हणते' म्हणून घरातलं कुणी ऐकत नाही. भाजी कोणती हे विचारणं तिने कधी बंद केलं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. हा फरक आकड्यात दिसत नाही, खुर्ची जवळ ओढून बसलेल्याला दिसतो. नियमही तेच सांगतो: नवव्या प्रश्नाला काहीही 'हो' आलं की बेरीज बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. बोलायला मात्र खोलीत सून नको, मुलगा नको, शेजारच्या पेशंटची बाटली धरून उभा असलेला भाचा नको. आमच्या ओपीडीत ही अट पूर्ण करायची तर आधी भिंती बांधाव्या लागतील.

उत्तर कोण देतं, हा तर स्वतंत्र तमाशा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या छोट्या प्रश्नावलीत 26 प्रश्न. विसावा: वैयक्तिक नातेसंबंधांबद्दल किती समाधानी आहात? हा प्रश्न सासूला सून वाचून दाखवते. सासू सुनेकडे बघते, सून कागदाकडे. 'समाधानी,' सासू म्हणते, न्यायालयात साक्ष द्यावी तशी. एकविसावा प्रश्न लैंगिक जीवनाबद्दल. इथे सुनेला अचानक चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं होतं. 'हा राहू द्या,' ती म्हणते आणि स्वतःच मधल्या खान्यात टिक करते. अशा लाखो मधल्या खान्यांवर कुठेतरी भारतीय ज्येष्ठांच्या जीवनमानाचे आलेख उभे असतील, तर मला त्यांचं मुळीच नवल वाटणार नाही.

करायचं कसं, याचं एक उदाहरण आहे. हरियाणातलं बल्लभगड. तिथल्या खेड्यांतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या वृद्धांची स्मृती तपासायची होती. फोल्स्टीनची चाचणी म्हणते, कागदावरचं वाक्य वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात-सात वजा करत जा. अक्षरओळख नसलेली शहाणीसुरती आजी यात नापास होणारच. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी गटाने आजीला नापास करण्याऐवजी प्रश्न नापास केले. वाचण्याऐवजी बघून तसं करायला लावलं, वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला लावले. गावकऱ्यांवर आधी प्रश्नांची परीक्षा, दुरुस्ती, पुन्हा परीक्षा, आणि मग गावकऱ्यांची. 1995 मध्ये त्यांनी ही हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. एवढा उपद्व्याप करायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि शेवटी हातात येतं ते चार पानी, दिसायला अगदीच साधं. म्हणून पॅकेजवाले त्या वाटेला जात नाहीत. ते भाषांतर करतात, तेही मशीनकडून, आणि वर लोगो लावतात.

आता तर हॉस्पिटलातून घरी आल्यावरही फॉर्म पिच्छा सोडत नाही. 2003 साली फ्रेड राइकहेल्ड नावाच्या अमेरिकी सल्लागाराने कंपन्यांना मंत्र दिला: ग्राहकाला एकच विचारा, आमची शिफारस मित्राला कराल का? शून्य ते दहा. नऊ-दहा देणारे आपले, सहापर्यंतचे विरोधक. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने 2013 मध्ये तसाच प्रश्न, आप्तेष्टांना शिफारस कराल का असा, पेशंटांपुढे ठेवला. मोबाइल विकणाऱ्यांनी विचारावं, ठीक आहे. हॉस्पिटलाने? आमच्याकडे हॉस्पिटलच्या दारात कुणी ओळखीचा भेटला तर 'या हं पुन्हा' सुद्धा म्हणत नाहीत.

शेजारच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फार छान झालं. घरी आले तर मोबाइलवर हाच प्रश्न: आपके मित्रों और परिवार को हमारे यहां भेजने की कितनी संभावना है? काकांनी नव्या डोळ्याने तो नीट वाचला आणि शून्य दाबलं. दहा मिनिटांत फोन.

'सर, कोई तकलीफ हुई क्या? स्टाफ से, खाने से?'

'नाही हो, सगळं उत्तम. डॉक्टर देवमाणूस.'

'फिर सर, ज़ीरो?'

'अरे बेटा, अपने ही लोगों को हॉस्पिटल भेजूं? भगवान ना करे किसी को आना पड़े.'

मुलगी जरा वेळ गप्प. मग समजुतीच्या सुरात, 'सर, वैसा मतलब नहीं है. सिर्फ नंबर चाहिए. दस लिख दूं?'

'भेजना किसको है, नाम भी लिखना पड़ेगा?'

'लिख सकते हैं, सर. रेफरल में डिस्काउंट भी है.'

काकांनी पलीकडे स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, 'तो फिर लिखो दस. और नाम लिखो, हमारे समधी का.'